दूरगामी म्हणजे नेमके केव्हा?

मुंबईच्या वर्तमानपत्रांत जून ते सप्टेंबर या काळात ‘परिणाम’ या शब्दाला विसावा नसतो. रुळांवर पाणी साचले की लोकल सेवेवर परिणाम होतो, हिंदमाता किंवा मिलन सबवे तुंबला की रस्ते वाहतुकीवर परिणाम होतो, आणि भाजीच्या गाड्या वेळेवर पोहोचल्या नाहीत की दरांवर परिणाम होतो. हे सारे परिणाम सकाळी सुरू होतात आणि बहुधा रात्रीपर्यंत ओसरतात. त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बांधकाम नियमावलीतल्या फेरबदलाच्या किंवा एखाद्या भरावाच्या बातमीत, दुसरे वाक्य भेटते : ‘या निर्णयाचे शहरावर दूरगामी परिणाम होतील.’ केव्हा होतील ते वाक्यात नसते, आणि वाचकही विचारत नाही. मग वीस-पंचवीस वर्षांनी काहीतरी कोसळते, तुंबते, किंवा एखाद्या वस्तीत एकच आजार घरोघर दिसू लागतो, आणि अग्रलेखात तिसरे वाक्य येते : ‘ही घटना म्हणजे वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा परिपाक आहे.’ दुर्लक्ष कोणाचे आणि कोणत्या वर्षापासूनचे, हे त्या वाक्यातही नसते.

ही तिन्ही वाक्ये एकाच वस्तूबद्दल बोलू शकतात, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. उशिरा फळणाऱ्या परिणामासाठी मराठीत शब्द नाही असे मुळीच नाही. एकाच्या जागी दोन आहेत. अडचण अशी की, त्यातला एक शब्द फक्त पुढे पाहतो आणि त्याला तारीख नसते, तर दुसरा फक्त मागे पाहतो आणि त्याला धनी नसतो. ‘दूरगामी’ म्हणणारा माणूस आणि ‘परिपाक’ म्हणणारा माणूस यांच्यात बहुधा एका पिढीचे अंतर असते, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडत नाही. सार्वजनिक निर्णयांचा हिशेब आपल्याकडे लागत नाही, याचे एक कारण मला या शब्दयोजनेत दिसते. ते एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही. पण शब्द दुरुस्त करणे हे बाकीच्या दुरुस्त्यांपेक्षा स्वस्त काम आहे, आणि ते लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.

मुळात ‘परिणाम’ या शब्दाच्या पोटातच काळ होता. ‘परि’ आणि ‘नम्’ म्हणजे वळणे, वाकणे. एका अवस्थेतून दुसरीत जाणे, दुधाचे दही होणे. सांख्य दर्शनाच्या आचार्यांनी हा शब्द याच अर्थाने वापरला. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाचे लक्षण ‘यत्तदग्रे विषमिव परिणामेऽमृतोपमम्’ असे दिले आहे, आणि पुढच्याच श्लोकात राजस सुखासाठी हेच उलटे करून ‘अग्रे’ अमृतासारखे आणि ‘परिणामे’ विषासारखे असे म्हटले आहे. येथे ‘परिणामे’ हा शब्द ‘अग्रे’च्या विरुद्ध ठेवलेला आहे. आरंभी जे नसते आणि काळ गेल्यावरच जे प्रकट होते, तो परिणाम. चरकसंहितेने तर सूत्रस्थानात ‘कालः पुनः परिणाम उच्यते’ असे सांगून काळालाच परिणाम म्हटले. वैद्यांच्या बोलण्यात ‘परिणामशूल’ हा शब्द अजून आहे. जेवता जेवता दुखते तो हा शूल नव्हे. जेवण होते, माणूस उठून कामाला लागतो, आणि अन्न पचू लागल्यावर पोटात कळ येते, तो परिणामशूल. दोष मागच्या घासाचा आहे की दुपारच्या धावपळीचा, असा संभ्रम त्या रुग्णाला पडतो. आपल्या शहरालाही तो नेहमी पडतो.

असा शब्द हाताशी असताना आपण त्याला ‘आजचा खोळंबा’ एवढ्या अर्थावर आणून ठेवले. लोकल पंधरा मिनिटे उशिराने धावतात तेव्हा तो खोळंबा असतो. भाजी महागते तेव्हा ती झळ असते. दुकानदाराचे नुकसान होते तेव्हा तो फटका असतो. हे तिन्ही शब्द जिवंत आहेत, नेमके आहेत आणि मथळ्यात जागाही कमी घेतात. त्यांना बाजूला सारून सगळीकडे ‘परिणाम’ लिहिल्यामुळे त्या शब्दातला काळ झिजून गेला, आणि मग खऱ्याखुऱ्या परिणामाला वेगळे काढण्यासाठी त्याच्यामागे विशेषण लावणे भाग पडले.

लावलेले विशेषण मात्र चुकले. ‘दूरगामी’ म्हणजे दूर जाणारे. ते अंतर सांगते, वेळ सांगत नाही. शहरभर पसरणारा पण उद्याच जाणवणारा परिणाम दूरगामी असू शकतो, आणि एकाच इमारतीपुरता पण तीस वर्षांनी उगवणारा परिणाम दूरगामी नसतो. शिवाय या शब्दाला एक प्रतिष्ठा चिकटली आहे. ‘दूरगामी निर्णय’ ही भाषणातली स्तुती आहे, ‘दूरदृष्टी’च्या घरातली, तोच शब्द इशारा म्हणून वापरला की इशाऱ्याची धार जाते. सत्ताधारी आणि विरोधक एकाच निर्णयाला एकाच दिवशी दूरगामी म्हणतात आणि दोघांचेही म्हणणे छापून येते. जो शब्द दोन्ही बाजूंना इतका सोयीचा असतो, त्यात फारसा अर्थ उरलेला नसतो.

काही जण ‘विलंबित परिणाम’ असा शब्द सुचवतात आणि पाठ्यपुस्तकी लेखनात तो दिसतोही. कानाला तो बरा वाटतो, पण त्यात एक सूक्ष्म चूक आहे. विलंब होण्यासाठी आधी ठरलेली वेळ लागते. ९.१२ ची गाडी ९.२७ ला आली तर तो विलंब. आंब्याला मोहर आल्यानंतर फळ तयार व्हायला काही महिने लागतात, त्याला कोणी विलंब म्हणत नाही. गंजलेली सळई ज्या वर्षी छताचा तुकडा पाडते, त्या वर्षी ती उशीर करून आलेली नसते; तिच्या हिशेबाने ती वेळेवरच असते. उशीर आपल्या दखल घेण्याला झालेला असतो, आणि ‘विलंबित परिणाम’ म्हटले की तो उशीर आपण सळईच्या खात्यावर टाकतो. (संगीत ऐकणाऱ्यांना ‘विलंबित’ म्हणजे संथ, हे ठाऊक असते, आणि त्या अर्थाने हा शब्द फार सुंदर आहे, पण सरकारी टिपणी वाचणारा प्रत्येक जण ख्याल ऐकून आलेला असेल, असे धरून चालता येत नाही.)

हे सारे मला सुचले ते गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यावर, म्हणून त्या जिन्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आमची चाळ लाकडी चौकटीची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक टेकू आहे, म्हणजे सागाचा एक जाड वासा, खाली लाकडी पाचर आणि वर तुळईला भिडलेली फळी. तो तात्पुरता लावला त्याला आता अकरा वर्षे झाली. मुले त्याला हात लावून गिरकी घेतात, त्यामुळे मधला भाग घासून गुळगुळीत झाला आहे. टेकू लावायला आलेल्या सुताराने त्या दिवशी खिशातला पेचकस काढून तुळईच्या मध्यावर टोचला तेव्हा तो आत गेला नाही. मग त्याने भिंतीत शिरलेल्या टोकापाशी टोचला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. ‘मधे लाकूड आहे, टोकाला नुसता भुसा आहे,’ एवढेच तो म्हणाला. पलीकडच्या बाजूला कोणे एके काळी कोणीतरी खोलीत नहाणी करून घेतली होती. तिचे पाणी भिंतीत मुरत राहिले आणि भिंतीत दडलेले तुळईचे टोक कुजत गेले. मधला भाग वाऱ्यावर होता म्हणून टिकला. नहाणी करून घेणारे कुटुंब ती खोली सोडून गेल्यालाही बरीच वर्षे झाली होती.

पण ही गोष्ट नहाणीपाशी सुरू होत नाही. आजोबांच्या ट्रंकेत भाड्याच्या जुन्या पावत्या आहेत. त्यांच्यावरची रक्कम वर्षानुवर्षे तीच आहे, शाईचा रंग तेवढा बदलतो. मुंबईतल्या भाड्यांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निर्बंध आले आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. युद्धाने आणि त्यानंतर फाळणीने शहरात माणसांचा लोंढा आणला होता, आणि घरमालकांनी अडवणूक करू नये हा हेतू रास्त होता. कायदा ठरावीक मुदतीपुरताच होता. ती मुदत सरली की वाढवायची, पुन्हा सरली की पुन्हा वाढवायची, असे करत तो पन्नास वर्षे टिकला. त्याने माझ्या घरच्यांना छप्पर दिले, आणि त्याविषयी मी कृतघ्न होणार नाही. मात्र त्याच कायद्याने छपराच्या देखभालीचा प्रश्न कोणाचाच ठेवला नाही. मिळणाऱ्या भाड्यात कौलेही बदलता येत नाहीत म्हणून घरमालक दुरुस्ती करेना, वास्तू आपली नाही म्हणून भाडेकरू पैसे घालेना, आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात कोणाला रस उरेना. व्यवहार पागडीच्या, म्हणजे भाड्याखेरीज घेतल्या जाणाऱ्या रकमेच्या, वाटेने जाऊ लागला, आणि ती वाट बेकायदा असल्याने हिशेबाबाहेरच राहिली.

परिपाक दिसू लागला तो साधारण वीस वर्षांनी. जुन्या इमारती पडू लागल्या आणि १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला, उपकर बसला. मुंबईकराच्या तोंडी असलेला ‘सेस इमारत’ हा शब्द त्यातूनच आला. त्या उपकरासाठी इमारतींचे वर्ग पाडले गेले, आणि पहिल्या वर्गाची सीमारेषा काय ठरली, तर १ सप्टेंबर १९४०. भाडे गोठवण्याची तारीख आणि मोडकळीला आलेल्या इमारतींचा वर्ग ठरवण्याची तारीख एकच आहे, हे मला प्रथम कळले तेव्हा मी ट्रंकेतल्या पावत्या पुन्हा काढून पाहिल्या. कारण आणि परिणाम यांच्यावर एकच दिनांक छापलेला क्वचितच सापडतो.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चाळीसच्या दशकात वाजवी असलेली प्रमाणभाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाली आहे, असे म्हटले. म्हणजे कायद्याच्या मजकुरात अक्षरही न बदलता त्याचे स्वरूप बदलले होते. परिणाम या शब्दाचा जुना अर्थ याहून वेगळा नाही. पुढे १९९९ चा नवा कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची सोय झाली आणि पागडीही मान्य झाली. पण तुळईचे टोक तोवर कुजून गेले होते. पावसाळ्यात अशी एखादी इमारत कोसळली की बातमीत आदल्या रात्री किती मिलिमीटर पाऊस झाला याचा आकडा येतो. आकडा खरा असतो, आणि त्या रात्रीचा पाऊस हे निमित्तही खरे असते. १९४७, १९६९ आणि १९९९ या सालांना मात्र त्या बातमीत जागा नसते, कारण ‘परिणाम’ हा शब्द आपण आदल्या रात्रीपुरता राखून ठेवला आहे.

काँक्रीटच्या इमारतींची गत वेगळी नाही, फक्त घड्याळ वेगळे आहे. ओतकाम नीट झालेले असेल तर काँक्रीटमधला अल्कधर्म सळईला गंजण्यापासून जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षावर्षाला थोडा थोडा आत शिरतो आणि हे कवच कमी करतो. समुद्रकाठच्या हवेतले क्षार त्याला हातभार लावतात. ज्या दिवशी ही झीज सळईपर्यंत पोहोचते त्या दिवशी गंज धरायला सुरुवात होते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागत असल्यामुळे आतून काँक्रीट फोडतो. तोवर बाहेरचा रंग शाबूत असतो. सळईवरचे आवरण एक-दोन सेंटीमीटरने कमी ठेवून वाचवलेले पैसे बांधणाऱ्याच्या खिशात पहिल्याच वर्षी जातात, आणि त्याची वसुली तिसऱ्या दशकात, तेव्हा त्या घरात राहणाऱ्या माणसाकडून होते. मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ३५३-ब घालून तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची केली गेली, तेव्हा कायद्याने प्रथमच या घड्याळाला आकडा दिला. सोसायटीच्या सभेत या तपासणीच्या खर्चावरून होणारी भांडणे मी पाहिली आहेत. ‘अजून काही झालेले नाही’ हा त्या भांडणांतला सर्वांत जोरकस युक्तिवाद असतो, आणि तो करणाऱ्यांच्या मनात ‘परिणाम’ म्हणजे ‘जे झालेले दिसते ते’, एवढाच अर्थ असतो.

आकडा देता येतो, हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारा दाखला मला ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत सापडला. मुंबईच्या वस्त्यांवर ज्यांना आपण साधेपणाने ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो, त्यांपैकी अनेकांत या खनिजाचे तंतू असतात. ते श्वासातून आत गेले की फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, आणि तो बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. कामगार तोवर निवृत्त झालेला असतो, कारखाना कदाचित बंद झालेला असतो आणि त्या जागी टॉवर उभा असतो. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश दिला. या आदेशाचे पालन किती झाले हा वेगळा विषय आहे. मला त्याचे वाक्य महत्त्वाचे वाटते. त्यात ‘दूरगामी’ नाही. परिणाम केव्हा उगवू शकतो हे त्यात गृहीत धरलेले आहे, तोवर कोणी काय जपायचे हे सांगितलेले आहे, आणि जपण्याची जबाबदारी कोणाची हेही सांगितलेले आहे. उशिराच्या परिणामाबद्दल नेमके कसे लिहावे, याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

याच्या उलट नमुना २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच वेळी ७४ च्या आसपास. त्या दिवशी कोणतीही गटारे पुरली नसती, हे आधी मान्य केले पाहिजे. नाहीतर हा सारा युक्तिवाद अप्रामाणिक होईल. तरीही पाणी किती चढले आणि किती वेळ राहिले, यात जुन्या निर्णयांचा वाटा होताच. शहराची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असेल तर, आखलेली होती. १९८५ च्या पुरानंतर तिचा अभ्यास हाती घेतला गेला, १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला आणि त्याने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. कामांना खरा वेग आला तो २००५ नंतर. मधल्या बारा वर्षांत मिठी नदीचे काठ भरावाने आणि बांधकामाने आवळत गेले, खाजणे कमी झाली. त्या बारा वर्षांसाठी भाषेकडे नावच नाही. अहवाल फडताळात ठेवणे ही घटना नसते, तिची बातमी होत नाही. पूर आला की ‘अभूतपूर्व पाऊस’ हे दोन शब्द पुढे येतात आणि बारा वर्षे त्यांच्यामागे उभी राहून दिसेनाशी होतात.

आता या म्हणण्यावरचा खरा आक्षेप. काळ जितका लांब, तितके कारण आणि परिणाम यांच्यातले नाते संशयास्पद होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळ्यावर खटला भरायचा का? गिरणगावाच्या बाबतीत हा धोका ठळक दिसतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते, आणि आज लालबाग-परळमध्ये जे जे नाहीसे झाले त्या सगळ्याला ‘संपाचे परिणाम’ म्हणण्याची सवय कित्येकांना आहे. पण यंत्रमागांची स्पर्धा संपाआधीपासून होती, गिरण्यांमधली यंत्रे आधीच जुनी झाली होती, आणि जमिनीचा भाव कापडापेक्षा वरचढ ठरू लागला होता. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, याचा मोठा भाग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ मध्ये आणि २००१ साली त्यात केलेल्या बदलात आहे. मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन वाटे कशाचे करायचे, फक्त रिकाम्या भूखंडाचे की सगळ्या जागेचे, हा तो बदल होता. दोन ओळींच्या त्या फेरफारामुळे सार्वजनिक वापराला मिळणारा वाटा खूप घटला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला. संप लोकांच्या डोळ्यांसमोर झाला म्हणून सारे त्याच्या नावे लिहिले गेले. नियमातला फेरफार कोणी पाहिला नाही म्हणून त्याच्या नावे फारच थोडे जमा झाले. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की, ‘परिपाक’ हा शब्द मागे पाहून वापरला की तो सर्वांत मोठा आवाज करणाऱ्या घटनेला चिकटतो. काकतालीय न्यायापासून, म्हणजे त्या कावळ्या-फांदीच्या योगायोगापासून, वाचायचे असेल तर तो आधी, निर्णयाच्या वेळीच वापरला पाहिजे. तेव्हा केलेले भाकीत पुढे तपासता येते. नंतर जुळवलेले कारण मात्र बहुतेक वेळा आपापल्या सोयीचे असते.

आणखी एक फरक पाळावा लागेल. क्षयाचे जंतू शरीरात सुप्त राहतात आणि अशा संसर्गित माणसांपैकी बहुसंख्यांना आयुष्यात कधीही आजार होत नाही. तेथे ‘सुप्त’ हाच शब्द योग्य आहे. होईल किंवा होणार नाही, ही शक्यता त्यात शिल्लक राहते. तुळईचे टोक सुप्त नव्हते, ते रोज कुजत होते. दोन्हींना ‘दूरगामी धोका’ म्हटले की उपायही एकच सुचतो, म्हणजे वाट पाहणे.

म्हणून माझी सूचना अशी की, ‘परिपाक’ हा शब्द मागून पुढे आणावा. तो आपल्या रोजच्या लेखनात आहे, त्यात पिकणे आणि शिजणे आहे, आणि स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. पाकाला वेळ लागतो, तो वेळ साधारण सांगता येतो, आणि मधे झाकण उघडून पाहताही येते. त्याला जोडून ‘परिपाककाळ’ असा शब्द करावा आणि निर्णय घेतानाच तो लिहावा. राज्याचा आणि महापालिकेचा कारभार मराठीत चालतो, राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि शासन व्यवहार कोश १९७३ चा. तेव्हा अशा शब्दाला कागदावर जागा मिळण्यात तांत्रिक अडचण नाही. प्रस्तावात खर्चाचा आकडा असतो, काम पूर्ण होण्याची मुदत असते. त्याच्याखाली आणखी एक ओळ असावी. भरावाच्या प्रस्तावात ती अशी असेल : ‘या भरावाचा परिपाककाळ अंदाजे वीस वर्षे, तोवर दर पाच वर्षांनी शेजारच्या किनाऱ्याची झीज आणि नाल्यांचा उतार मोजून नोंद सभागृहापुढे ठेवावी.’ अंदाज चुकेल, पण तो चुकला हे समजेल, आणि सध्या तेवढेही समजत नाही.

ही कल्पना मी आमच्याच चाळीत राहणाऱ्या, मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका काकांना सांगितली. उभी हयात त्यांनी टिपण्या लिहिण्यात काढली. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘अरे, असे वाक्य टिपणीत घातले तर वर सही कोण करेल? खर्चाच्या आकड्याखाली सही करायला कोणी घाबरत नाही, तो या वर्षीचा असतो. वीस वर्षांनंतरच्या वाक्याखाली कोण करेल?’ मी म्हटले, ‘काका, सहीखाली तुम्ही तारीख घालतच होता ना? मी फक्त दुसरी तारीख मागतो आहे.’ ते हसले नाहीत. थोडा वेळ टेकूवर हात ठेवून उभे राहिले, आणि मग त्यांनी विचारले की हा नक्की कोणत्या महिन्यात लावला होता. मला वर्ष आठवत होते, महिना नाही. त्यांनी पोराच्या दप्तरातला खडू मागवून घेतला, वाशावर वर्ष घातले आणि त्याच्या अलीकडची जागा महिन्यासाठी मोकळी ठेवली.